मारामारी ठरवलेली असते, मग पुस्तक खरं कसं? रेसलिंगच्या पुस्तकांबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. भाचा पंधरा वर्षांचा, डब्ल्यूडब्ल्यूईचं वेड, वाढदिवसाला रेसलरचं पुस्तकच पाहिजे म्हणून बसलाय, तर कुठलं घ्यावं हा एक. दुसरा तुम्ही जरा चिडूनच विचारलाय, की ज्यांच्या मारामाऱ्याच आधी ठरलेल्या असतात त्यांच्या आत्मचरित्रावर काय डोंबल विश्वास ठेवायचा, आणि तरी फॅन लोक ती एवढी डोक्यावर का घेतात. माझं कॉलेज रोडच्या मागे जुन्या पुस्तकांचं दुकान आणि छोटी लायब्ररी आहे, बरीच वर्षं झाली, त्यात रेसलिंगचा एक अख्खा कप्पा आहे आणि नाशकात एवढा दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्यावरच पहिल्याचं उत्तर ठरतं. एक पुस्तक हातात धरून हे खरं का खोटं असं बघत बसलात तर हाती काही लागणार नाही. माझ्याकडचे मुरलेले वाचक तसं वाचतच नाहीत, ते जोड लावतात. एकाच घटनेत जे दोघं समोरासमोर होते त्या दोघांची पुस्तकं घ्यायची आणि लागोपाठ वाचायची, यात्रेच्या आखाड्यात पंच वजन बघून जोड लावतात तसं.

सगळ्यात गाजलेली जोड मॉन्ट्रियलची. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज. ब्रेट हार्ट चॅम्पियन आहे, कंपनी (म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई) सोडून डब्ल्यूसीडब्ल्यू नावाच्या विरोधी कंपनीत चाललाय, आणि स्वतःच्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला तो तयार नाही. ठरलं असं होतं की शेवटी गोंधळ होईल आणि मॅच निकालाशिवाय सुटेल. झालं काय, तर मायकल्सने ब्रेटचाच शार्पशूटर डाव ब्रेटवर लावला, ब्रेटने हार मानलीच नव्हती, तेवढ्यात रिंगशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मालकाने, म्हणजे विन्स मॅकमॅनने, घंटा वाजवायला लावली. पट्टा गेला. ब्रेट तिथेच मालकाच्या तोंडावर थुंकला, मग हवेत बोटाने डब्ल्यू-सी-डब्ल्यू अशी अक्षरं काढली, आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये मालकाला एक ठोसा ठेवून दिला तो खराखुरा. म्हणजे बघा, नुरा कुस्तीतसुद्धा दगाफटका होतो, आणि झाला की तो खऱ्या कुस्तीपेक्षा जास्त झोंबतो.

आता पुस्तकं. मायकल्सचं २००५ मध्ये आलं, कंपनीनेच काढलेलं. ब्रेटचं २००७ मध्ये, जाडजूड, पाचशेच्या वर पानं. ब्रेट गावोगाव फिरताना रोजची हकीकत टेपवर बोलून ठेवायचा, त्या टेप्सवरून हे पुस्तक झालंय, म्हणून त्यात कुठल्या शहरात कोण काय बोललं, किती पैसे हातात पडले, गाडी कोण चालवत होता असलं सगळं आहे. मायकल्स कित्येक वर्षं म्हणत होता की मला यातलं काही माहीत नव्हतं, पुस्तकात मात्र कबूल करतो की आधीच माहीत होतं. मग दोन्ही वाचल्यावर फॅन लोक काय म्हणतात? तपशिलासाठी ब्रेट, पण ब्रेटच्या पुस्तकात ब्रेट जवळपास कधी चुकतच नाही ही तक्रार दर दुसरा वाचक करतो. तरी बायकोशी केलेली बेइमानी, २००२ चा स्ट्रोक, आणि मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरून खाली येताना पडून गेलेला धाकटा भाऊ ओवेन, हे त्याने हात न आखडता लिहिलंय आणि तिथे त्याचा मीपणा कुणी काढत नाही.

माझ्याकडच्या ब्रेटच्या प्रतीत एका सातपूरच्या गिऱ्हाइकाने समासात पेन्सिलीने मायकल्सच्या पुस्तकाचे पान नंबर लिहून ठेवलेत. एके ठिकाणी नुसतं 'हा तर उलट म्हणतो' असं. लायब्ररीच्या पुस्तकात लिहिलं की मी दंड घेतो, याचा घेतला नाही, कारण आता लोक तीच प्रत मागतात.

दुसरी जोड मिक फोली आणि रिक फ्लेअरची. फोलीने १९९९ च्या 'हॅव अ नाइस डे' मध्ये लिहिलं की फ्लेअर रिंगमध्ये जेवढा महान तेवढाच बुकर म्हणून भिकार. बुकर म्हणजे कोण कुणाला हरवणार ते ठरवणारा माणूस. फ्लेअरने २००४ मध्ये आपल्या पुस्तकात उट्टं काढलं, फोली म्हणजे नावाजलेला स्टंटमन आहे, पैलवान नाही, अशा अर्थाचं. त्यावर दोघांचं खरंच बिनसलं, आणि कंपनीने काय केलं, तर २००६ मध्ये त्याच भांडणावर दोघांच्या मॅचेस लावल्या. पुस्तकातली भांडणंसुद्धा हे लोक तिकिटावर विकतात, यावर काय बोलणार. पण वाचताना गंमत येते, कारण दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. फ्लेअर त्या पिढीचा, जिथे तासतासभर मॅच चालायची आणि अंग शाबूत ठेवून उद्याच्या गावी पोचणं हेच कसब होतं.

फोलीच्या पुस्तकावर मात्र जरा थांबतो, कारण फॅन लोकांचा कौल एवढा एकमुखी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर नाही. कंपनीने आधी त्याला लिहून देणारा माणूस दिला होता, फोलीला ते पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतः वह्यांमध्ये हाताने लिहिलं, साडेसातशेच्या वर पानं. पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं, आणि तोवर रेसलरच्या पुस्तकाकडे ढुंकून न बघणाऱ्या प्रकाशकांनी त्यानंतर रांग लावली. आज माझ्या कप्प्यात जे आहे त्यातलं अर्ध्याहून जास्त त्या एका पुस्तकाच्या यशामुळे छापलं गेलंय.

त्यात काय आहे? कॉलेजात असताना लोकांच्या गाड्यांना हात करत तो न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गेला, १९८३ मध्ये, आणि जिमी स्नूकाला पिंजऱ्याच्या टोकावरून उडी मारताना बघून ठरवलं की हेच करायचं. मग १९९४ चं म्युनिक. व्हेडरबरोबर मॅच, दोरखंड नेहमीपेक्षा जास्त ताणलेले, याचं डोकं दोन दोरांत पिळून अडकलं, आणि सोडवून घेताना उजवा कान गेला. रेफरीने तो रिंगमधून उचलला. मॅच तरी चालूच. आणि २८ जून १९९८, पिट्सबर्ग, अंडरटेकरने सोळा फुटांच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर टाकलं तो प्रसंग तर तुमच्या भाच्याने मोबाइलवर शंभरदा बघितला असेल. पुस्तकातून कळतं ते हे की पहिलं पडणं ठरवून होतं, पण नंतर परत वर चढल्यावर पिंजऱ्याचं छत तुटून तो आत कोसळला ते ठरलेलं नव्हतं, आणि त्याने जास्त लागलं. हे सगळं तो विनोद करत सांगतो, स्वतःला हिरो न करता, आणि बायको घरी टीव्हीसमोर बसलीय हे विसरू न देता. 'सगळं खोटं असतं' म्हणणाऱ्याला मी तेवढा कानाचा भाग वाचायला देतो. निकाल ठरलेला असतो ताई, पडायचं खरंच असतं.

त्याचं दुसरं पुस्तकही पहिल्या नंबरवर गेलं, त्यात रेसलिंगमुळे पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांशी त्याने आकडेवारी घेऊन वाद घातलाय, तुम्हाला स्वतःला ते आवडेल. पुढची पातळ होत गेली असं माझंही मत आणि गिऱ्हाइकांचंही.

आता धंद्यातली एक गोष्ट, जी बाहेर कुणी सांगत नाही. रेसलिंगचं पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठ बघू नका, आतलं कॉपीराइटचं पान बघा. तिथे हक्क कंपनीच्या नावावर असले तर समजायचं की मालकावर टीका असली तरी मालकाला पचेल एवढीच असणार. मग लेखकाच्या नावाखाली बारीक अक्षरात दुसरं नाव आहे का ते बघा. असलं तर वाईट असं नाही, क्रिस जेरिकोच्या पुस्तकातही दुसऱ्याचं नाव आहे आणि ते झकास आहे, पण आवाज कुणाचा हे ओळखून वाचावं. रॉकचं २००० सालचं पुस्तक बघा, अर्धी पानं तर टीव्हीवरचा रॉकच बोलतोय, तेव्हा हातोहात खपलं, आज माझ्याकडे चार प्रती धूळ खात पडल्यात. आणि प्रकाशकाचं नाव ईसीडब्ल्यू प्रेस दिसलं तर पोरं उड्या मारतात, की ईसीडब्ल्यू नावाच्या रेसलिंग कंपनीने काढलंय म्हणून. तसं काही नाही. ते कॅनडातलं टोरांटोचं प्रकाशन आहे, त्या रेसलिंग कंपनीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, नाव योगायोगाने सारखं.

त्याच प्रकाशनाचं 'द डेथ ऑफ डब्ल्यूसीडब्ल्यू', २००४ चं. हे रेसलरने नाही, बाहेरून बघणाऱ्या दोघांनी लिहिलंय, आणि मला विचाराल तर धंदा कसा बुडवावा यावर एवढं सोपं पुस्तक नाही, अंबडच्या एका कारखानदाराने ते माझ्याकडून नेलं ते परतच केलं नाही. त्यातला एक प्रसंग फोलीच्या पुस्तकाशी जुळतो. ४ जानेवारी १९९९ ला फोली पहिल्यांदा चॅम्पियन होणार होता, पण तो कार्यक्रम आधी चित्रित झालेला, म्हणून विरोधी डब्ल्यूसीडब्ल्यूने आपल्या लाइव्ह कार्यक्रमात निकाल फोडला आणि वर निवेदकाकडून टोमणा मारवला की वा, याने काय गर्दी होणार. ऐकल्याबरोबर लाखो लोकांनी चॅनल बदललं, फोलीला जिंकताना बघायला. दोन वर्षांनी, मार्च २००१ मध्ये, डब्ल्यूसीडब्ल्यू विरोधकालाच विकली गेली. याची जोड एरिक बिशॉफ. तो तिथला साहेब होता, त्याच्या २००६ च्या पुस्तकात सगळा दोष वरच्या बड्या कंपनीचा आणि तिथल्या विलीनीकरणाचा. वाचकांमध्ये यावरून अजून दोन तट आहेत.

हल्क होगनबद्दल दोन तट नाहीत. पुस्तक सगळ्यांना आवडतं आणि विश्वास कुणीच ठेवत नाही. २९ मार्च १९८७ ला आंद्रे द जायंटला उचलून आपटलं तेव्हा स्टेडियममध्ये ९३,१७३ लोक होते हा कंपनीचा आकडा, बाहेरच्या पत्रकारांच्या हिशोबाने अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. तोही काही कमी नाही, पण यांना राहवत नाही. २०२५ च्या जुलैत होगन गेला तेव्हा आठवडाभर लोक त्याचं पुस्तक मागत होते, आणि मागणारे सगळे चाळिशीतले, रेसलरच्या फोटोंच्या पत्त्यांवर रँक आणि बायसेप्स बघून खेळलेली पिढी. यातल्या निम्म्यांना अजून वाटतं की १९९६ च्या अक्षयकुमारच्या पिक्चरमध्ये खरा अंडरटेकर होता. तो ब्रायन ली होता.

आपल्याकडचं काय, असंही तुम्हाला वाटेल. दारासिंगचं आत्मचरित्र पंजाबीत आहे, १९८९ चं. मराठी प्रत माझ्या हातात कधी आलेली नाही. १९६८ मध्ये मुंबईत त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ, पण तेव्हा थेझ बावन्न वर्षांचा होता हे सांगितलं की त्यांना आवडत नाही. थेझचं स्वतःचं पुस्तक आहे, जुन्या काळात खरे डाव जाणणारे आणि नुसते दिसायला दणकट यांच्यात केवढं अंतर होतं ते त्यात कळतं. खलीचं पुस्तक आहे, इंग्रजीत, सहलेखकासोबत. हिमाचलातलं गाव आणि मजुरीचे दिवस यासाठी न्यावं, २००७ मध्ये चॅम्पियन झाला त्यामागचं राजकारण शोधायला नको.

पंचवटीतले एक वस्ताद अधूनमधून दुकानात येतात, वय झालंय पण मान अजून बैलासारखी. नाशिककडून खेळून हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला त्या वेळी पेढे घेऊन आले होते. माझ्या कप्प्याकडे बघून तोंड वाकडं करायचे, हा तमाशा कशाला ठेवतोस म्हणून. एकदा मी त्यांना झ्बिस्को नावाच्या जुन्या पोलिश पैलवानाचं पान काढून दिलं. नाव ऐकल्याबरोबर म्हणाले, हा तर गामाचा. बरोबर, १९१० मध्ये लंडनला गामासमोर अडीच तास पालथा पडून राहिला तोच, आणि १९२८ मध्ये पटियाळ्यात मिनिटभराच्या आत चितपट झाला तोही हाच. पण मधल्या काळात, एप्रिल १९२५ मध्ये, याच झ्बिस्कोने अमेरिकेत काय केलं हे त्यांना माहीत नव्हतं. वेन मन नावाचा फुटबॉलवाला दांडगा चॅम्पियन केलेला, त्याला कुस्ती येत नव्हती, झ्बिस्कोने ठरल्याप्रमाणे हरायचं होतं. तो रिंगमध्ये उतरला आणि त्याने मनला खरोखर उचलून चीत केलं, पुन्हा पुन्हा, रेफरीला दुसरा निकाल देता येईना. ठरवणारे प्रमोटर बघत राहिले, कारण याने आतून दुसऱ्या पार्टीशी संधान बांधलं होतं. मॉन्ट्रियलच्या बहात्तर वर्षं आधी. वस्ताद खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, पुढचं वाच.

या जुन्या काळासाठीही जोड लागते बरं का. १९३७ मध्ये मार्कस ग्रिफिनचं एक पुस्तक आलं, प्रमोटर लोकांची गुपितं फोडणारं, वाचायला एकदम मसालेदार, आणि पुढे कित्येकांनी त्यातलं जसंच्या तसं उचललं. नंतरच्या अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली तेव्हा त्यातलं बरंच जुळेना. स्कॉट बीकमनचा २००६ चा इतिहास कोरडा आहे पण त्याची जोड म्हणून ठेवा. आणि मातीतल्या कुस्तीवर, बनारसच्या आखाड्यांवर, जोसेफ आल्टरचं १९९२ चं पुस्तक आहे, खुराक, ब्रह्मचर्य, गुरू, माती, सगळं बारकाईने. वस्तादांना त्यातलं मी मराठीत सांगतो, ते चुका काढतात. मराठीत खाशाबा जाधवांवर आहे, मल्लांची चरित्रं आहेत, पण रेसलिंगच्या या दुनियेवर धड एक पुस्तक नाही. रेसलिंग बघणारी एवढी घरं आहेत, कुणीतरी लिहावं की.

आता भाचा. पंधराव्या वर्षी ब्रेट हार्ट नको, डायनामाइट किडचं तर नकोच. किडचं पुस्तक माझं फार आवडतं, इंजेक्शनं, दारू, सहकाऱ्यांची केलेली क्रूर चेष्टा, आणि शेवटी व्हीलचेअर, काहीही लपवलेलं नाही आणि पश्चात्तापाचं नाटकही नाही, पण ते अठरानंतर. आणखी एक लक्षात ठेवा, जून २००७ मध्ये क्रिस बेन्वा या रेसलरने बायको आणि मुलाला मारून स्वतःला संपवलं, त्याच्या आधीच्या पुस्तकांमध्ये त्याचं भरभरून कौतुक येतं. पोरगं विचारेल, तेव्हा सरळ सांगून टाका.

मी असतो तर जेरिकोचं पहिलं दिलं असतं, २००७ चं. कॅनडातून निघून मेक्सिको, जपान, जर्मनी असा नऊएक वर्षं भटकतो, कुठे पैसे बुडतात, कुठे भाषा कळत नाही, आणि पुस्तक संपतं ते १९९९ मध्ये तो मोठ्या कंपनीच्या स्टेजवर पाऊल टाकतो तिथेच. त्यात थोडं पोरकट आणि थोडं चावट आहे, दहावीच्या पोराला नवीन नाही. इंग्रजी सोपं. फोलीचं द्यायचं तर आधी बजावा, कारण कॉलेजात असताना त्याने मित्राच्या घराच्या छतावरून उडी मारली होती ते त्यात आहे, आणि आपल्या सोसायट्यांमध्ये गाद्या टाकून पाण्याच्या टाकीवरून उड्या मारणारी पोरं मी बघितलीत. घरात भाची असेल तर एजे मेंडेझ या महिला रेसलरचं घ्या, गरिबी आणि बायपोलर आजार यावर एवढ्या हसतखेळत लिहिलेलं या कप्प्यात दुसरं नाही, आणि माझ्याकडे ते मुलींपेक्षा मुलांनीच जास्त नेलंय.

नवीन प्रत महाग पडते. जुनी घेतलीत तर दोन गोष्टी बघा. एक, मधली चकचकीत फोटोंची पानं आहेत का, कारण पोरं सगळ्यात आधी तीच फाडून भिंतीला लावतात. दुसरं, जाड पॉकेटबुक बरोबर मध्यावर उघडून बघा, डिंकाचं बाइंडिंग तिथेच सुटतं आणि मग पन्नास पानं एकदम हातात येतात. किलोवर विकणाऱ्यांकडे जेरिको दीड-दोनशेत मिळून जाईल, माझ्याकडे आत्ता एकच प्रत आहे, ती फोटोंसकट आहे, येण्याआधी फोन करा.